एकसारख्या दिसणाऱ्या कन्व्हर्टिबल कार सीटमधून बाळासाठी एक कशी निवडावी

कन्व्हर्टिबल कार सीट म्हणजे तान्ह्या बाळाला आधी गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून आणि मूल मोठे झाल्यावर समोर तोंड करून बसवता येईल अशी एकच सीट. ती घ्यायची हे ठरवणे सोपे असते. अडचण येते ती त्यापुढे. बेळगावच्या दुकानात किंवा मोबाइलवर पाहताना तीन-चार सीट समोर येतात. सगळ्यांचा रंग करडा किंवा काळा असतो, सगळ्यांवर पाच पट्ट्यांचे हार्नेस असते, सगळ्यांच्या डब्यावर ‘जन्मापासून’ असे लिहिलेले असते आणि किमतीत मात्र सहा-सात हजारांपासून तीस हजारांपर्यंत फरक असतो. या फरकातला कोणता भाग बाळाच्या जिवाशी निगडित आहे आणि कोणता केवळ सोयीचा किंवा दिखाऊ आहे, हे ओळखता आले की निवड पुष्कळ सोपी होते.

माझे मत आधीच स्पष्ट सांगते. दोन सीट जवळपास सारख्या असतील, तर जी सीट आपल्या मुलाला अधिक काळ मागे तोंड करून बसू देते आणि जी आपल्याच गाडीत घट्ट बसते, तीच घ्यावी. उरलेल्या सगळ्या गोष्टी त्यानंतर येतात.

डब्यावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा आतला लहान आकडा

विक्रीच्या पाटीवर ‘0 ते 25 किलो’ किंवा ‘0 ते 36 किलो’ असा मोठा आकडा ठळकपणे छापलेला असतो. तो वाचून सीट अनेक वर्षे चालेल असे वाटते. पण तो आकडा सीटच्या सर्व मांडण्या मिळून धरलेला असतो. आपल्याला शोधायचा असतो तो वेगळा आकडा: मागे तोंड करून बसवण्याची कमाल मर्यादा किती किलोंची किंवा किती सेंटिमीटरची आहे. काही सीटवर ती 13 किलो असते, तर तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या सीटवर 18 किलो असते. ही माहिती बहुतेक वेळा जाहिरातीत नसते. सीटच्या बाजूला चिकटवलेल्या लेबलवर आणि माहितीपुस्तिकेत असते. दुकानदाराला पुस्तिका उघडून दाखवायला सांगण्यात संकोच करू नये.

हा फरक इतका महत्त्वाचा का, ते समजून घ्यायला हवे. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, आणि मानेच्या मणक्यांचे काही भाग अद्याप हाडाचे न होता कूर्चेचेच असतात. समोरून धडक बसली आणि मूल समोर तोंड करून बसलेले असेल, तर पट्टे खांदे धरून ठेवतात, पण डोके पुढे झेपावते आणि तो सारा ताण मानेवर येतो. मूल मागे तोंड करून बसलेले असेल, तर डोके, मान आणि पाठ तिन्ही एकाच वेळी सीटच्या कवचात टेकतात आणि धक्का संपूर्ण पाठीवर विभागला जातो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने 2018 साली दिलेला सल्ला याच कारणाने वयाचा आकडा सांगत नाही. सीटच्या मर्यादेपर्यंत, शक्य तितका काळ, मूल मागे तोंड करूनच बसवावे असे तो सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार सर्वसाधारण मुलगा अडीच वर्षांच्या आसपास 13 किलोंपलीकडे जातो आणि मुलगी त्यानंतर काही महिन्यांत. म्हणजे 13 किलोंची मर्यादा अगदीच निरुपयोगी नाही. मात्र वजनाच्या आधी उंची संपते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मागे तोंड करून बसलेल्या मुलाच्या डोक्याचा माथा कवचाच्या वरच्या काठापर्यंत आला की ती मांडणी संपली असे समजावे. पुष्कळशा पुस्तिका काठाखाली बोटभर जागा राहू द्या असे सांगतात. म्हणून समान वजनमर्यादेच्या दोन सीटमध्ये जिचे कवच उंच आहे, ती प्रत्यक्षात अधिक महिने साथ देते. दुकानात मोजपट्टी घेऊन बैठकीपासून काठापर्यंतची उंची मोजावी.

घरातील वडीलधारी मंडळी येथे एक आक्षेप घेतात: मुलाचे पाय मागच्या सीटला लागतात, ते अवघडते. पाय दुमडून किंवा फाकवून बसणे दीड-दोन वर्षांच्या मुलाला सहज जमते, ते जमिनीवरही तसेच बसते. पाय टेकले म्हणून सीट पुढच्या बाजूला फिरवण्याची घाई करू नये. आजी-आजोबांना हे शांतपणे, बाळ घरी येण्याआधीच समजावून सांगितले तर पुढे प्रवासाच्या वेळी वाद होत नाही.

प्रमाणपत्र पाहण्याची रीत

आपल्याकडे बालसीटसाठी एआयएस 072 हे मानक आहे आणि ते युरोपातील आर 44 या नियमावर आधारलेले आहे. बाजारात मिळणाऱ्या सीटवर यांपैकी एक, किंवा नव्या आर 129 नियमाचा उल्लेख असतो. युरोपीय मान्यतेचे लेबल नारिंगी असते, त्यावर वर्तुळात ‘ई’ अक्षर आणि मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक असतो. आर 44 मध्ये मुलांचे गट वजनावरून पाडले जातात. आर 129 मध्ये उंचीवरून, आणि त्या नियमाखालील सीटमध्ये मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत समोर तोंड करून बसवण्याची परवानगीच नाही. युरोपात सप्टेंबर 2024 पासून आर 44 सीटची विक्री थांबवण्यात आली आहे. त्यामुळे आर 44 सीट धोकादायक ठरत नाही, परंतु किमतीत फारसा फरक नसेल तर आर 129 ला झुकते माप द्यावे.

त्याचे एक ठोस कारण आहे. आर 44 च्या चाचणीत समोरून आणि मागून बसणाऱ्या धडकेची परीक्षा होते. बाजूच्या धडकेची होत नाही. आर 129 मध्ये ती होते. म्हणून आर 44 च्या सीटवर ‘बाजूच्या धडकेपासून संरक्षण’ असे छापलेले दिसले, तर ते उत्पादकाचे स्वतःचे म्हणणे आहे, नियमानुसार झालेली परीक्षा नाही, हे ध्यानात ठेवावे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना आलेले खोल पंख चांगलेच. पण केवळ त्या छापील वाक्यासाठी चार हजार जास्त देऊ नयेत.

काही ठिकाणी कापडाचे, पट्टे शिवलेले, गाडीच्या सीटवर बांधायचे ‘कार कुशन’ हजार-दीड हजारांत विकले जाते. त्यावर कोणतेच मान्यतेचे लेबल नसेल तर ते स्वस्त म्हणूनसुद्धा घेऊ नये. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 194 ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा बालसीटशिवाय नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. मात्र आपण सीट घेतो ती दंड टाळण्यासाठी नव्हे, त्यामुळे नावापुरती वस्तू घेण्यात अर्थ नाही.

आपली गाडी काय म्हणते

याच टप्प्यावर सर्वाधिक चुका होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. सीट कितीही चांगली असो, ती आपल्या गाडीत नीट बसली नाही तर तिचा निम्मा उपयोग संपला.

प्रथम गाडीत आयसोफिक्स, म्हणजे बालसीट गाडीच्या सांगाड्याला थेट अडकवण्याची सोय, आहे का ते पाहावे. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या फटीत हात घातल्यावर एकमेकांपासून 28 सेंटिमीटर अंतरावर दोन धातूच्या कड्या लागतात. बहुतेक गाड्यांत त्या दोन्ही बाजूंच्या जागांना असतात, मधल्या जागेला नसतात. नुसत्या दोन कड्यांनी सीट पुढे कलंडू शकते, म्हणून तिसरा आधार लागतो: एक तर पाठीमागून डिकीकडे जाणारा टॉप टेदर नावाचा पट्टा, किंवा गाडीच्या तळावर टेकणारा सपोर्ट लेग. टॉप टेदरसाठी गाडीत नेमलेला हूक असावा लागतो. सामान बांधण्याच्या हुकाला तो अडकवणे घातक आहे. सपोर्ट लेगची सीट घेणार असाल, तर पाय ठेवण्याच्या जागेखाली पोकळ कप्पा नाही ना, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे, कारण पोकळ झाकणावर टेकवलेला पाय धडकेच्या वेळी आधार देत नाही.

गाडी जुनी असून आयसोफिक्स नसेल, तर निराश होण्याचे कारण नाही. तीन टोकांच्या सीटबेल्टने नीट आवळलेली सीट सुरक्षितच असते. आयसोफिक्सचा मोठा फायदा हा की चुकीचे बसवण्याची शक्यता कमी होते. परंतु अशा वेळी दोन गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पहिली, गाडीच्या पट्ट्याची लांबी. मागे तोंड करून बसवताना पट्टा सीटला वळसा घालून जातो, आणि काही जुन्या लहान गाड्यांत तो अपुरा पडतो. दुसरी, बकलची उंची. गाडीचे बकल लांब दांड्याचे असेल, तर ते नेमके सीटच्या पट्टा जाण्याच्या खाचेच्या कडेवर येते आणि तेथे दाबले जाऊन वाकते. अशा स्थितीत पट्टा कितीही ओढला तरी सीट घट्ट होत नाही. मागच्या मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असेल, तर तीन टोकांचा पट्टा मागणारी सीट तेथे बसवू नये.

लांबीची मोजणीही आवश्यक आहे. मागे तोंड करून, तान्ह्या बाळासाठी पुरेशी कललेली सीट बरीच जागा घेते आणि लहान हॅचबॅकमध्ये पुढची सीट पुढे सरकवावी लागते. चालकाच्या मागे ती बसवली आणि चालक उंच असेल, तर त्याचे गुडघे डॅशबोर्डला भिडतात. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, म्हणून पुढच्या प्रवाशाच्या मागची, म्हणजे डावी जागा बहुधा सोयीची ठरते. खडेबाजार किंवा गणपत गल्लीच्या गर्दीत थांबावे लागले तरी बाळाला फुटपाथच्या बाजूने उतरवता येते. पुढच्या सीटवर एअरबॅग सुरू असताना मागे तोंड करणारी सीट कधीच बसवायची नाही, कारण उघडणारी एअरबॅग थेट कवचाच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते.

रुंदीचा प्रश्न आपल्या कुटुंबांत विशेष येतो. लग्नकार्याला किंवा सौंदत्तीला निघाले की एका गाडीत दोन आजी, एक काकू आणि दोन मुले असतात. रुंद बाहूंची, कप ठेवायचे खण असलेली सीट मागच्या बाकावर दोनच मोठ्या माणसांना जागा ठेवते, कधी एकालाच. जागा कमी पडली की बाळ सीटमधून निघून कोणाच्या तरी मांडीवर जाते, आणि धोका तेथेच असतो. धडकेत शरीरावर येणारा जोर त्याच्या वजनाच्या वीस पटींहून अधिक असू शकतो. दहा किलोंचे बाळ त्या क्षणी कोणाच्याही हातात राहत नाही. म्हणून वारंवार भरलेल्या गाडीत प्रवास करणाऱ्यांनी अरुंद सीट निवडावी, मग तिची गादी थोडी पातळ असली तरी चालेल.

नवी गाडी असेल तर आणखी एक मार्ग आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांची धडक-चाचणी घेऊन त्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या योजनेत, मुलांच्या संरक्षणासाठी 49 गुण ठेवलेले आहेत आणि त्या चाचणीत दीड व तीन वर्षांच्या मुलांच्या पुतळ्यांना बालसीटमध्ये बसवले जाते. आपल्या मॉडेलचा अहवाल उपलब्ध असेल तर कोणती सीट वापरली होती ते पाहावे. तीच सीट घ्यावी असा आग्रह नाही, पण दोन पर्यायांत मन अडले असेल तर हा आधार विश्वासार्ह आहे.

पट्टे आणि रोजचा वापर

सीट गाडीत बसते हे ठरले की हार्नेसकडे वळावे. मागे तोंड असताना पट्टे बाळाच्या खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून निघाले पाहिजेत; समोर तोंड असताना खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वरून. अडीच किलोंचे जन्मलेले बाळ घरी न्यायचे असेल, तर सगळ्यात खालची पट्ट्याची जागा त्याच्या खांद्याखाली येते का, हे मुद्दाम तपासावे. ‘जन्मापासून’ लिहिलेल्या सीटमध्येसुद्धा ही जागा वेगवेगळ्या उंचीवर असते.

पट्ट्यांची उंची बदलण्याची रीत दोन प्रकारची असते. एका प्रकारात डोक्याचा आधार वर उचलला की पट्टे आपोआप वर जातात. दुसऱ्या प्रकारात पट्टे पाठीमागून सोडवून वरच्या खाचेतून पुन्हा ओवावे लागतात. दुसरा प्रकार स्वस्त असतो. पण दर काही महिन्यांनी सीट गाडीतून काढून हे काम करायचे राहून जाते आणि मूल वाढले तरी पट्टे जुन्याच खाचेत राहतात. परवडत असेल तर पहिल्या प्रकारासाठी जास्त पैसे द्यावेत. ज्या थोड्या सोयी सुरक्षिततेतही भर घालतात, त्यांत मी ही गोष्ट धरते.

पट्टा पुरेसा आवळला आहे का, हे बोटांनी कळते: खांद्याजवळ पट्ट्याची उभी घडी चिमटीत धरता आली तर तो सैल आहे. आमच्याकडे नोव्हेंबर ते जानेवारीत सकाळी चांगलीच थंडी असते आणि बाळाला जाड स्वेटर व त्यावर कुंची घालून बाहेर काढतात. जाड कपड्यावर आवळलेला पट्टा धडकेत सैल पडतो, कारण कपडा दबतो. पातळ कपड्यांवर पट्टे बांधावेत आणि मग वरून शाल किंवा वाकळ पांघरावी. वाकळ बाळाच्या खाली किंवा पाठीमागे घालू नये. सीटसोबत न आलेल्या उशा, पट्ट्यांची जाड वेष्टणे, डोके धरून ठेवणारे पट्टे यांतले काहीही वापरू नये. तान्ह्या बाळासाठीची आतली गादीसुद्धा पुस्तिकेत दिलेल्या वजनापर्यंतच ठेवावी.

कलण्याच्या मांडणीबाबत घाटाचा विचार करावा. चोर्ला, आंबोली किंवा तवंदीच्या वळणांवर झोपलेल्या बाळाचे डोके पुढे झुकून हनुवटी छातीला टेकते, आणि फार लहान बाळाला त्यामुळे श्वास घेणे अवघड होते. सीटवर कोनाची खूण असेल तर ती सपाट जमिनीवर गाडी उभी करून जुळवावी. तान्ह्या बाळाला सलग दोन तासांहून अधिक सीटमध्ये ठेवू नये. कोल्हापूरला जाताना वाटेत निपाणीजवळ थांबावे, बाळाला बाहेर काढून आडवे करावे आणि मगच पुढे निघावे. वळणांच्या रस्त्यावर मुले उलटी करतात, म्हणून वरचे कापड सहज निघून धुता येते का, हे दुकानात स्वतः काढून पाहावे. कापड धुवावे, पट्टे मात्र फक्त ओल्या फडक्याने पुसावेत. साबणात भिजवल्याने आणि ब्लीचने पट्ट्यांचा विणलेला धागा दुबळा होतो. अथणी-रायबागकडच्या उन्हाळ्यात उन्हात उभ्या गाडीतले बकल चटका देण्याइतके तापते, त्यामुळे बाळाला बसवण्याआधी ते हाताने पाहावे.

फिरत्या बैठकीची, म्हणजे दाराकडे वळवता येणारी सीट सध्या बरीच दाखवली जाते. कंबरदुखी असलेल्या आजीला बाळ बसवायचे असेल तर तिचा उपयोग खराच होतो. मात्र अशी सीट जड आणि उंच असते, आणि एका गाडीतून दुसऱ्या गाडीत रोज हलवायची असेल तर ती नकोशी होते. मागे तोंड करण्याची मर्यादा कमी असेल तर केवळ फिरते म्हणून ती घेऊ नये.

खरेदीच्या वेळी

‘जन्मापासून बारा वर्षांपर्यंत’ अशा सीटबद्दल एक गोष्ट बोलली जात नाही. प्लास्टिक ऊन-थंडीने झिजते, म्हणून उत्पादक सीटचे आयुष्य ठरवून देतात आणि ते बहुधा सहा ते दहा वर्षांचे असते. जन्माच्या वेळी घेतलेली सीट मूल बारा वर्षांचे होण्याआधीच कालबाह्य होते. शिवाय दुकानात पडून राहिलेल्या मालाचे आयुष्य तयार झाल्याच्या तारखेपासून मोजले जाते, म्हणून कवचावर कोरलेली किंवा लेबलवर छापलेली तारीख पाहावी.

नातेवाइकांकडून आलेली सीट नाकारणे आपल्याकडे अवघड असते. ती घेण्याआधी तीन प्रश्न मात्र विचारायलाच हवेत: ती कधी अपघातात सापडली होती का, पुस्तिका आणि सगळे भाग आहेत का, आणि मुदत किती उरली आहे. पहिल्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मिळत नसेल, तर ती सीट घरात खुर्ची म्हणूनसुद्धा ठेवू नये, कारण कोणीतरी ती पुन्हा गाडीत नेते.

बेळगावात सगळी मॉडेले पाहायला मिळतातच असे नाही आणि पुष्कळ जण कोल्हापूर, हुबळी किंवा पुण्याला जातात. जाताना ज्या गाडीत सीट बसवायची तीच गाडी न्यावी आणि दुकानदाराला दोन्ही दिशांनी ती बसवून दाखवायला सांगावे. ऑनलाइन मागवली असेल तर परत करण्याची मुदत आधी वाचावी, खोके फाडू नये आणि सीट आली त्याच दिवशी गाडीत बसवून पाहावी. तपासण्याची रीत अशी: पट्टा किंवा आयसोफिक्स जेथून जातो त्या ठिकाणी सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवावी; ती एका इंचाहून जास्त सरकत असेल तर एक तर बसवणे चुकले आहे किंवा ती सीट या गाडीची नव्हे. कवचाच्या वरच्या टोकाला धरून हलवू नये, ते थोडे हलतेच.

इतके पाहूनही दोन सीट बरोबरीच्या ठरल्या, तर घरातील जी व्यक्ती बाळाला सर्वाधिक वेळा गाडीत बसवणार आहे, तिच्या हातात दोन्ही सीट द्याव्यात आणि कोणाच्याही मदतीविना पट्टे लावून सोडवायला सांगावे. ज्या सीटचे बकल तिला पहिल्याच वेळी नीट जमले, ती घ्यावी. घरी आल्यावर पुस्तिका सीटच्या खणातच ठेवावी, आणि बाळाचे वजन व उंची मोजण्यासाठी दवाखान्यात गेलात की त्याच दिवशी गाडीत पट्ट्यांची उंची पुन्हा पाहावी.